केम्पलीचं जुनं चर्च बाबांना दाखवायचंय, कसं जाऊ?

कृष्णाकाठ: बाबा सांगलीहून बर्मिंगहॅमला आलेत. ३५ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली त्यांनी. ग्लॉस्टरशायरमधल्या केम्पलीच्या सेंट मेरी चर्चमधली बाराव्या शतकातली भित्तिचित्रं त्यांना दाखवायची आहेत. मला गाडी चालवता येत नाही. दोघांचं बजेट ५० पौंड. कसं जावं, सोबत काय न्यावं?

रानवाट: सरळ गाडी भाड्याने घ्या. आम्ही सात सीटर घेतली होती. डबे, सतरंजी, सगळं मावलं. एम ५० महामार्गावरून उतरलं की लांब नाही.

पोफळी: एका ओस चर्चसाठी एवढी यातायात कशाला? काकांना लंडनला न्या, नॅशनल गॅलरी फुकट आहे.

सह्यकडा: हेही फुकटच आहे. पण मी डिसेंबरात गेलो तर दाराला कुलूप. हिवाळ्यात बंद असतं. अख्खा रविवार गेला. वेळ बघूनच निघा.

गिलावा: जुन्या इमारतींचा चुन्याचा गिलावा दुरुस्त करणं हेच माझं काम, म्हणून सांगतो. आत गेल्यावर लगेच काही दिसत नाही. कमानीखाली दहा मिनिटं नुसते उभे राहा. मग छतावर इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त दिसू लागतो, त्याच्याभोवती सूर्य-चंद्र. दोन्ही भिंतींवर सहा-सहा शिष्य, सगळ्यांच्या माना वर. १९०३ मध्ये गावात नवं चर्च झालं आणि हे मागे पडलं. चित्रं त्याआधीच, १८७२ मध्ये, चुन्याच्या थरांखाली सापडली होती.

रानवाट: म्हणजे अजिंठ्यासारखंच!

गिलावा: नाही. इथे वेदीकडच्या भागात ओल्या गिलाव्यावर रंग लावलाय, अजिंठ्यात कोरड्या. साम्य आहे ते दुसऱ्याच गोष्टीत. दोन्हीकडे चित्रं जपायची म्हणून लाखेचं वार्निश फासलं आणि त्यानेच ती झाकोळली. केम्पलीतलं १९५० च्या दशकात उतरवलं. काकांना हे आधी सांगा, बघताना उपयोगी पडेल.

सह्यकडा: दुर्बीण न्याच. माझी १५० पौंडांची आहे, पाखराचं पीस न् पीस दिसतं.

गिलावा: चर्च लहान आहे, दुर्बीण लागत नाही.

चाफा: मार्चअखेर जा. केम्पली आणि शेजारच्या डिमॉक गावाकडे रानात डॅफोडिल फुलतात. चिखल असतो, बूट घाला. आणि वेळ बघून जा, हिवाळ्यात बंद असतं.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार. बाबांचं परतीचं तिकीट सप्टेंबरचं आहे, त्यामुळे मार्च जमणार नाही. गाडी नको, लंडनही नको. ट्रेनने लेडबरी, तिथून टॅक्सी. ५० च्या वर जाईल, जाऊ दे. वार्निशचं सांगितल्यावर बाबांनी चित्रवही आणि रेखाटनाचे काँटे खडू काढून ठेवलेत. टॅक्सीवाल्याला दोन तासांनी परत या म्हणणार होतो, बाबा म्हणाले, चार तास सांग.