खंबाटकी घाटात गाडी तापली : पुण्यात रेडिएटरचे खात्रीचे दुकान सुचवा

धायरीचा_प्रवासी
मदत हवी आहे आणि ती लवकर हवी आहे. गेल्या रविवारी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि गाडी कडेला घेऊन पाऊण तास थांबावे लागले. दोनच महिन्यांपूर्वी एका दुकानात रेडिएटरचे काम करून घेतले होते. तेथे परत गेलो तर ‘पाणी भरत राहा आणि चालवा’ एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन कोल्हापूरला जायचे आहे. कृपया केवळ रेडिएटर आणि कूलिंगचेच काम करणारे, काम जाणणारे दुकान सुचवावे. सिंहगड रस्ता, कोथरूड किंवा पेठांचा भाग चालेल.

जुना_चालक
गाडी कोणती, किती साली घेतलेली, पेट्रोल की डिझेल, किती किलोमीटर झाले? कूलंट कमी होते का, आणि होत असल्यास गळती दिसते का? एवढे कळल्याशिवाय दुकान सुचवणे म्हणजे आजार न विचारता दवाखान्याचा पत्ता देण्यासारखे होईल.

पेठेतला
नाना पेठेत जा. गाड्यांच्या सुट्या भागांचा इतका मोठा बाजार शहरात दुसरा नाही. माझ्या जुन्या जीपचा पितळी रेडिएटर तेथल्या एका कारागिराने वरची टाकी उघडून, नळ्यांमधून सळई फिरवून साफ केला आणि फुटलेल्या दोन जागी डाख दिला. त्याला आठ वर्षे झाली, अजून थेंब गळलेला नाही. नवा रेडिएटर घ्या म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

यंत्रवेडा
पितळी रेडिएटरला डाख देता येतो हे खरे, पण आजच्या बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचा कोअर (मधली नळ्यांची जाळी) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याच्या दातांनी आवळलेल्या प्लास्टिकच्या टाक्या असतात. तेथे डाख चालत नाही. टाकी बदलून, मधले रबर नवे घालून दात पुन्हा आवळता येतात. मात्र एकदा वाकवलेले दात पूर्वीसारखे धरतीलच असे नाही, म्हणून अशा गाडीला मी पूर्ण नवा रेडिएटरच घालतो. जीपचा अनुभव प्रत्येक गाडीला लावणे धोक्याचे आहे.

पेठेतला
मी तीस वर्षे त्या कारागिरांकडे जातो आहे आणि अॅल्युमिनियमचे कोअरही ते हाताळतात. दुरुस्त होणारी वस्तू फेकून देण्याची सवय मला पटत नाही.

धायरीचा_प्रवासी
वाद नंतर घालता येईल. गाडी २०१३ सालची डिझेल हॅचबॅक, १,१८,००० किलोमीटर झालेली. कूलंट दर आठवड्याला अर्धा लिटरच्या आसपास कमी होते. खाली जमिनीवर काहीच दिसत नाही. मला पत्ता हवा आहे.

गृहिणी_आणि_गाडी
आमच्या सोसायटीला टँकरचे पाणी येते आणि ते इतके जड आहे की किटलीत महिनाभरात पांढरा थर साचतो. तेच पाणी कोणी रेडिएटरमध्ये भरत असेल तर नळ्या बुजणारच. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे, आणि हिरवे व गुलाबी कूलंट कधीही एकत्र करू नये.

घाटमाथा
तातडीचा उपाय म्हणून रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाका. माझे वडील ट्रक चालवत असताना हेच करत, आणि बारीक गळती तेवढ्याने बंद होत असे.

यंत्रवेडा
कृपया हळद टाकू नका. ती बारीक छिद्रात अडकते तशीच बारीक नळ्यांतही अडकते, आणि या गाडीच्या नळ्या ट्रकपेक्षा कितीतरी अरुंद आहेत.

जुना_चालक
अर्धा लिटर जाते आणि जमिनीवर डाग नाही, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आणखी तीन गोष्टी सांगा. गाडी सिग्नलला उभी असताना तापते की चढावर? उभी असताना तापत असेल तर पंखा, त्याचा रिले किंवा तापमानाचा सेन्सर पाहावा लागतो. चढावर तापत असेल तर पाण्याचा प्रवाह किंवा त्याहून मोठी गोष्ट. दुसरे, दोन महिन्यांपूर्वी नेमके कोणते काम केले? तिसरे, सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांत वरचा होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी वरची रबरी नळी, दाबून पाहा. आणि इंजिन गरम असताना झाकण अजिबात उघडू नका. त्या झाकणाचे कामच दाब धरण्याचे आहे. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, पण एक बार दाबाखाली तेच १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि झाकण काढताच ते सगळे एकदम उसळते.

धायरीचा_प्रवासी
शहरात तापत नाही, चढावरच तापते. रेडिएटर नवा घातला होता, आणि त्या वेळी ‘आपल्याकडे याची गरज नसते’ असे सांगून थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून टाकला. हे आधी लिहायचे राहिले. होज आज सकाळी दाबून पाहिला : तीन मिनिटांत दगडासारखा कडक झाला होता, रेडिएटर मात्र हाताला गारच होता.

जुना_चालक
मग आपल्याला रेडिएटरचे दुकान नकोच आहे. पाणी तापण्याआधी दाब वाढतो याचा अर्थ बहुधा सिलिंडरमधला वायू हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालच्या सांध्यातली पट्टी) पाण्यात शिरतो आहे, आणि गेलेले कूलंट इंजिनात जळते आहे किंवा दाबाने बाहेर फेकले जात आहे. रेडिएटर आणखी तीन वेळा बदलला तरी हे थांबणार नाही. ज्या गॅरेजमध्ये ती निळ्या द्रवाची चाचणी करतात तेथे जा. टाकीच्या तोंडाशी धरलेल्या नळीतल्या द्रवाचा रंग पालटला तर वायू शिरतो आहे हे नक्की होते. दुकान निवडताना माझी एकच कसोटी असते : दर सांगण्याआधी तो माणूस तपासणी करतो का? गाडी न पाहता फोनवर ‘रेडिएटर गेला’ म्हणणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा जात नाही.

यंत्रवेडा
सहमत. थर्मोस्टॅट काढणे हीदेखील चूकच होती. काही इंजिनांत तो उघडताना आडवाट बंद करतो. तो नसेल तर पाण्याचा बराच भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरत राहतो आणि चढावर गाडी अधिकच तापते.

पेठेतला
असे असेल तर माझा सल्ला मी मागे घेतो. गॅस्केटचे काम निघाले तर हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, देण्यापूर्वी पट्टी लावून ते वाकले आहे का हे समोर उभे राहून पाहा, आणि तडा आहे का हेही दाबाने तपासून घ्या.

धायरीचा_प्रवासी
काल सिंहगड रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये चाचणी करून घेतली. दोन मिनिटांत निळा रंग पालटला. हेड काढले आहे, वाकलेले निघाले, तडा नाही. फेसिंगला दिले आहे. आईला घेऊन स्वारगेटहून एसटीने जाणार आहे.

जुना_चालक
हेडचे बोल्ट जुनेच परत लावत नाहीत ना? अनेक इंजिनांत ते एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात.

धायरीचा_प्रवासी
विचारले. नवे बोल्ट मागवले आहेत आणि थर्मोस्टॅटही परत बसवायला सांगितला आहे.