लग्नाचा केक खोटा असला तर चालतो का? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

छोटी: आत्ताच जपानमधल्या एका लग्नाचा व्हिडिओ पाहिला. माणसापेक्षा उंच केक, नवरानवरीने मिळून सुरी घातली, टाळ्या वाजल्या. आणि खाली लिहिलंय की केक खोटा होता, सुरी जाण्यापुरती एक फट ठेवली होती! असं खरंच करतात?

काका: करतात. जपानमध्ये असल्या नकली केकची बरीच वर्षं चलती होती. काहींमधून तर सुरी घातली की धूरही निघायचा. पाहुण्यांना खायला खरा केक वेगळा कापून आणायचे. आता तिथेही खरा, ताजा केक कापणारे पुष्कळ आहेत.

दादा: मला नाही पटत. एवढ्या मोठ्या दिवशी खोट्या केकला सुरी कशाला लावायची? त्यापेक्षा लहानसा पण खरा कापा.

मावशी: अरे, थरांचा केक जन्मला तोच अर्धा खोटा होता. जरा सविस्तर लिहिते, कारण हा माझा आवडता विषय आहे.
१० फेब्रुवारी १८४० ला राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं. तिचा केक साधारण ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोच्या आसपास. घेर तीन यार्ड, जाडी १४ इंच. म्हणजे जातं असावं तसा एकच आडवा, अवाढव्य केक. उंची दिली ती वरच्या साखरेच्या पुतळ्यांनी: ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली देवी, वधूवरांना आशीर्वाद देतेय, आणि वधूवर रोमन पोशाखात!
पुढे १८५८ मध्ये तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात थर आले, पण केक फक्त खालचा. वरचे थर निव्वळ साखरेचे. सगळे थर खाण्याजोगे झाले ते १८८२ मध्ये, धाकटा मुलगा लिओपोल्डच्या लग्नात. त्याआधी १८७४ मध्ये ब्रिटनमध्ये साखरेवरचा कर उठला होता, त्यामुळे असा पांढराशुभ्र केक हळूहळू सामान्य घरांनाही परवडू लागला. राजघराण्याची हौस होतीच, पण माझ्या मते केकचं रूप घडवलं ते साखरेच्या भावाने.

वहिनी: मावशी, मग दोघांनी मिळून सुरी धरायची ती कशासाठी? मला वाटायचं, जन्मभराची सोबत वगैरे.

मावशी: तो अर्थ नंतर चिकटला गं. आधी नवरीच कापायची. पण अंड्याचा पांढरा बलक आणि साखर घोटून केलेलं ते आयसिंग वाळलं की दगड होतं. वरच्या थरांचा भार पेलायला ते कडक लागायचंच. एकटीच्या हाताने सुरी आत जाईना, म्हणून नवऱ्याचा हात लागला.

काका: खोट्या केकबद्दल अजून एक. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० पासून, ब्रिटनमध्ये केकवर साखरेचं आयसिंग घालायला बंदी आली. मग लोक काय करायचे? पुठ्ठ्याचा किंवा प्लास्टरचा सजवलेला डोलारा भाड्याने आणायचे आणि त्याखाली जेमतेम एक छोटा केक झाकून ठेवायचे. दादा, ती माणसं फसवत नव्हती. शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक असायचं, आणि तरी हौसेने मांडायचे.
१९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नातही रेशनिंग चालूच होतं. नऊ फुटी, चार थरांच्या त्या केकसाठी ऑस्ट्रेलियातल्या गर्ल गाइड्सनी जिन्नस पाठवले होते.

दादा: काका, युद्धाचं मान्य, तिथे इलाज नव्हता. पण माझं म्हणणं कायम आहे. लग्नात मुख्य गोष्ट वाटून खाणं. प्राचीन रोममधल्या उच्चकुलीन लग्नातही दहा साक्षीदारांसमोर ज्युपिटर देवाला गव्हासारख्या जुन्या धान्याची रोटी वाहायचे आणि वधूवर ती वाटून घ्यायचे. त्यात दाखवायचं वेगळं आणि खायचं वेगळं असं नव्हतं.

वहिनी: मी दादांच्या बाजूने. युक्रेनचा लग्नातला पाव, कोरोवाय, बघा ना! कणकेचेच पक्षी, कणकेचीच फुलं. संसार सुखाचा असलेल्या बायकांनी एकत्र बसून तो करायचा. शोभा तीच आणि खायचंही तेच.

छोटी: नॉर्वेचा क्रान्सेकाकेपण! बदामाच्या कड्यांवर कडी रचत नेतात, खाली मोठी, वर लहान. आणि फ्रान्सचा क्रोकँबूश, क्रीम भरलेले गोळे कॅरॅमलने चिकटवून केलेला उंच सुळका. दोन्ही उंच आणि दोन्ही अख्खे खाता येतात.

मावशी: हो, हे मला मान्य. बदाम आणि कॅरॅमल स्वतःच उभे राहतात, मऊ केकला आधार द्यावा लागतो.

छोटी: मावशी, केकचा वरचा थर लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी वर्षभर जपून ठेवतात तो खराब नाही होत?

मावशी: मूळ प्रथा ब्रिटनची, पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी थर राखून ठेवायची. तेव्हा केक सुक्या मेव्याचा, ब्रँडीत मुरवलेला, वरून बदामाचा लगदा आणि कडक आयसिंग. हवा लागायचीच नाही, म्हणून टिकायचा. व्हिक्टोरियाच्या केकचा एक तुकडा तर २०१६ मध्ये लंडनला लिलावात १५०० पौंडांना गेला! आजचा स्पंज मात्र फ्रीझरमध्येही वर्षभरात कोरडा पडतो. तो लग्नाच्या दिवशीच सगळ्यांना वाटून टाकावा, आणि लग्नाच्या वाढदिवसाला नवा ताजा करावा.

दादा: वाटून टाकावा, हे बरोबर.