एका भावाचा हिपॅटायटिस बी बरा झाला, दुसऱ्याचा राहिला: कारण जनुकांत आहे का?

रामबाग, इंदूर
माझ्या काकांना हिपॅटायटिस बीचा जुनाट संसर्ग असून त्यांना टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध चालू आहे. वडील त्यांच्याहून बरेच लहान. वडिलांची एचबीएसएजी (चालू संसर्ग दाखवणारी) तपासणी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी (कधीतरी झालेल्या संसर्गाची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह आली, म्हणजे विषाणू त्यांच्याही शरीरात येऊन गेला होता. आजी यकृताच्या विकाराने गेल्या, तेव्हा या तपासण्या झाल्या नव्हत्या. आमचे घराणे होळकरांच्या काळात पुण्याकडून इंदूरला आले आणि सोयरिकी बहुधा मराठी घरांतच झाल्या, म्हणून नातेवाईक म्हणतात की हे आपल्या रक्तातच आहे. एका खासगी प्रयोगशाळेने वंश व जनुकांची तपासणी सुचवली आहे. ती करावी का? काकांची मुलगी गरोदर असल्यामुळे घरात काळजी आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त अध्यापक
आधी संसर्गाच्या वयाचा विचार करा. जन्माच्या वेळी विषाणू शिरला तर सुमारे ९० टक्के बालकांत तो कायमचा राहतो. निरोगी प्रौढांत हे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. आजींना संसर्ग असेल असे गृहीत धरले, तरी दोन्ही बाळंतपणांत त्यांची स्थिती सारखीच होती असे म्हणता येत नाही: एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असल्याचे दाखवणारे प्रतिजन, म्हणजे विषाणूचे प्रथिन) पॉझिटिव्ह असलेल्या आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका फार मोठा असतो आणि पुढे ते प्रतिजन नाहीसे झाले की तो बराच घटतो. थोरल्याला जन्मतःच आणि धाकट्याला मोठेपणी संसर्ग झाला असेल, तर जनुके न तपासताही हा फरक समजू शकतो.

प्रतिकारशास्त्राची विद्यार्थिनी, वडोदरा
सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु एकाच वयात संसर्ग झालेल्यांचेही पुढचे मार्ग वेगळे होतात आणि तिथे जनुकांचा प्रश्न खरा आहे. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुके विषाणूचे तुकडे टी-पेशी या प्रतिकारपेशींपुढे मांडणारी प्रथिने घडवतात. गांबियात १९९५ साली यांपैकी एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा १३:०२ हा प्रकार संरक्षक आढळला. २००९ मध्ये जपानी रुग्णांच्या अभ्यासातून एचएलए-डीपी या त्याच गटातील जनुकांमधील भेदांचा जुनाट संसर्गाशी संबंध दिसला. संरक्षक डीपी भेद पूर्व आशियाच्या तुलनेत युरोपीय वंशाच्या लोकांत अधिक आढळतात. विषाणू यकृतपेशीत ज्या एनटीसीपी प्रथिनामार्गे शिरतो, त्यातील एक संरक्षक बदल तर मुख्यतः पूर्व आशियातच सापडतो.

मात्र ही लोकसमूहांतील वारंवारिता आहे, कुणा एकाचे भाकीत नव्हे. शिवाय विषाणूचे प्रकारही प्रदेशागणिक बदलतात: भारतात प्रामुख्याने ए आणि डी, पूर्व आशियात बी आणि सी. त्यामुळे दोन समूहांतील फरक माणसाच्या वंशामुळे की विषाणूच्या प्रकारामुळे, हे वेगळे करणे अवघड असते. सख्ख्या भावांत एचएलएचे दोन्ही संच (एक आईकडचा, एक वडिलांकडचा) जुळण्याची शक्यता साधारण चारात एक असते. तेव्हा सोयरिकी मराठी घरांतच झाल्या, एवढ्यावरून काका आणि वडील यांची प्रतिकारशक्ती सारखी ठरत नाही.

रामबाग, इंदूर
म्हणजे तपासणीने काकांच्या उपचारात काहीच बदलणार नाही का?

सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त अध्यापक
हो, काहीच बदलणार नाही. औषधाचा निर्णय एचबीव्ही डीएनए (रक्तातील विषाणूचे प्रमाण), एएलटी (यकृताची इजा दाखवणारे विकर) आणि यकृताच्या कडकपणावर होतो, एचएलएवर नव्हे. तो खर्च टाळून घरातील सर्वांची एचबीएसएजी, अँटी-एचबीएस (संरक्षण दाखवणारी प्रतिपिंडे) आणि एकूण अँटी-एचबीसी ही तपासणी करा आणि ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्या. वडिलांना पुढे कधी केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे औषध द्यावे लागले, तर अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगा, कारण विषाणूचा अंश यकृतपेशींत उरलेला असतो आणि तो पुन्हा जागा होऊ शकतो. काकांच्या गरोदर मुलीची एचबीएसएजी तपासणी आजच करवा. ती पॉझिटिव्ह आली तर तिचा एचबीव्ही डीएनए मोजावा लागेल, कारण तो फार असल्यास गरोदरपणातच टेनोफोव्हिर देतात, आणि बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत, लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागेल. जन्माच्या वेळची लस मात्र तपासणी काहीही आली तरी प्रत्येक बाळाला द्यायचीच असते. प्रसूतीच्या ठिकाणी ती उपलब्ध असेल याची खात्री आत्ताच करून ठेवा.