पावसाळ्यात घरी केलेला शाकाहारी फॉन्डंट केकवर टिकेल का?

परशुरामघाट

जुलैच्या अखेरीस चिपळूणला भाचीचा चौथा वाढदिवस आहे आणि तिला निळ्या केकवर बसलेला हत्ती हवा आहे. केक 8 इंची गोल, साधारण 4 इंच उंचीचा आणि बिनअंड्याचा असेल. त्यावर फॉन्डंट, म्हणजे कणकेसारखा मळून पोळीसारखा लाटायचा साखरेचा गोळा, चढवायचा आहे. पाहुण्यांत काटेकोर शाकाहारी मंडळी असल्याने प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होणारे जिलेटिन चालणार नाही, आणि मार्शमेलो वितळवून फॉन्डंट करण्याच्या ज्या कृती सगळीकडे दिसतात, त्या मार्शमेलोंमध्येही बहुधा जिलेटिनच असते. तयार फॉन्डंटही मिळतो, परंतु त्याची चव मुलांना फारशी आवडत नाही, त्यामुळे ते सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात.

जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासून होणारी अगर-अगर वापरून फॉन्डंट घरी करता येईल का, त्याचे प्रमाण काय असावे, आणि आमच्याकडच्या पावसाळी हवेत तो केकवर टिकेल का, याविषयी अनुभवी सदस्यांनी सांगावे.

तूपसाखर

निश्चित करता येईल, मात्र जिलेटिनच्या जागी तेवढीच अगर-अगर घातली की काम झाले, असे समजू नका. जिलेटिनमुळे फॉन्डंटला लवचीकपणा येतो. अगर-अगर घट्ट धरते, पण ताणले की तुटते. म्हणून शाकाहारी फॉन्डंटमध्ये ताण येण्यासाठी सीएमसी (खाद्य डिंकासारखी) पावडर घालावी लागते. केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती मिळते, आणि त्याच प्रकारची टायलोज पावडर मिळाली तर तीही चालते.

किलोभर आयसिंग शुगरला माझे प्रमाण असे: 2 छोटे चमचे अगर-अगर पावडर, 80 मिली पाणी, 120 मिली लिक्विड ग्लुकोज, 1 मोठा चमचा ग्लिसरीन, 2 मोठे चमचे वनस्पती तूप आणि 2 छोटे चमचे सीएमसी. अगर-अगर थंड पाण्यात दहा मिनिटे भिजवून मग त्याच पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावी. जिलेटिन उकळू नये, असे सांगतात, ते इथे लागू नाही, कारण अगर-अगर 85 अंश सेल्सिअसच्या आसपासच विरघळते आणि 40 अंशांच्या खाली आली की घट्ट होऊ लागते. त्यामुळे ग्लुकोज, ग्लिसरीन आणि वनस्पती तूप त्या गरम मिश्रणातच घालून ते एकजीव करावे आणि कोमट होण्याची वाट न पाहता सीएमसी मिसळलेल्या आयसिंग शुगरमध्ये ओतावे.

आयसिंग शुगर सगळी एकदम घालू नका. पावसाळ्यात पावशेर तरी बाजूला ठेवा आणि मळताना लागेल तशी घाला. गोळा पुरणपोळीच्या कणकेइतका सैल वाटला, तर आणखी साखर हवी. मिक्सरवर दळलेली पिठीसाखर वापरायची असल्यास ती तलम कापडातून चाळून घ्यावी, अन्यथा लाटताना कण लागतात आणि पातळ पोळी नेमकी तिथेच फाटते. मळून झाल्यावर गोळ्याला वनस्पती तुपाचा हात लावून, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मळावा. 8 इंची केक झाकायला 3 मिलिमीटर जाडीच्या पोळीसाठी पाऊण किलोच्या आसपास फॉन्डंट लागतो, म्हणजे हत्तीपुरता उरेल.

साखरेचा पाक उकळून घोटण्याची जी कृती फॉन्डंट म्हणून दिलेली असते, ती पेस्ट्रीवर ओतायच्या फॉन्डंटची आहे. तो लाटता येत नाही.

मापटं

प्रमाण उत्तम आहे, परंतु चिपळूणच्या जुलैत खरा प्रश्न फॉन्डंटच्या खाली काय आहे, हा असतो. साखर हवेतले पाणी ओढतेच. त्यात खालूनही ओल मिळाली, तर पोळी विरघळू लागते. म्हणून व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट चढवू नये. पांढऱ्या कंपाउंड चॉकलेटचे गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचे घट्ट मिश्रण, करावे. त्यासाठी वजनाने तीन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम पुरते. गडद चॉकलेट असेल, तर दोनास एक. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या 25 टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्ये पाणी बरेच असते, तेव्हा क्रीम यापेक्षा वाढवू नये. गनाश लावलेला केक रात्रभर घट्ट होऊ द्यावा, सकाळी त्यावर साखरेच्या पाण्याचा अगदी पुसटसा हात फिरवावा आणि मग फॉन्डंट चढवावा.

सजवलेला केक फ्रिजमध्ये ठेवणेही टाळावे. बाहेर काढताच त्यावर दव जमते आणि पृष्ठभाग चिकट होतो. ठेवावाच लागला, तर पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर केक खोलीच्या तापमानाला येईपर्यंत खोके उघडू नका, म्हणजे दव खोक्यावर जमेल.

सायली_नव्हे_साय

व्हिप्ड क्रीमला एवढी सरसकट मनाई करण्याचे कारण नाही. मुलांना जड गनाशपेक्षा क्रीमच अधिक आवडते आणि प्रश्नकर्त्यांची मुख्य तक्रारही चवीचीच आहे. मी केकच्या थरांमध्ये क्रीम भरते, मात्र कडेने आणि वरून गनाशचा पातळ थर देते, त्यामुळे ओल फॉन्डंटपर्यंत पोहोचत नाही. असा केक फ्रिजमध्ये ठेवावाच लागतो, तेव्हा वर सांगितलेली खोक्याची युक्ती इथे कामी येते. लाटताना पोळपाटावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, पण जपून. ते जास्त झाले, तर वळलेल्या कडांना भेगा पडतात.

परशुरामघाट

सर्वांचे आभार. थरांत क्रीम आणि बाहेरून गनाश हा मधला मार्ग पटला. आता हत्ती कधी करावा आणि निळा व करडा रंग कसा आणावा, तेवढे सांगावे.

तूपसाखर

द्रव रंग वापरू नका, त्याने फॉन्डंट सैल होतो. जेल रंग दातकोरणीच्या टोकावर घेऊन मळत जावे. करड्यासाठी पांढऱ्या गोळ्यात काळ्याचा ठिपका पुरतो, आणि फिकट निळ्याचेही तसेच. रंग आदल्या दिवशीच मिसळा, कारण तो मुरल्यावर थोडा गडद होतो. तेव्हा हवा त्यापेक्षा किंचित फिका ठेवा.

हत्तीच्या फॉन्डंटमध्ये दर 250 ग्रॅमला आणखी 1 छोटा चमचा सीएमसी मळा, नाहीतर बसलेला हत्ती संध्याकाळपर्यंत आडवा होईल. तो तीन-चार दिवस आधी करून पंख्याखाली वाळवावा आणि नंतर पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवावा. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ओल कोंडून तो पुन्हा मऊ पडतो. डोके धडाला जोडताना आत दातकोरणी खोचण्याची पद्धत आहे, पण चार वर्षांची मुलगी तो हत्ती खाणारच, तेव्हा त्याऐवजी कच्च्या स्पॅगेटीचा तुकडा वापरा.