पास्तोरेला: गीत की नाटक?

प्रश्न: मेक्सिकोतल्या नाताळावरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात 'पास्तोरेला' म्हणजे मेंढपाळांचं नाटक. कोशात मात्र 'मध्ययुगीन प्रेमगीत' असा अर्थ दिलाय. खरा कुठला? आणि 'गौळण' लिहिलं तर चालेल का?

उत्तर १: दोन्ही खरे. मूळ लॅटिन 'पास्तोर', जनावरं चारणारा. (आपल्याकडचे ख्रिस्ती धर्मगुरूला 'पाळक' म्हणतात, तेही याच कल्पनेवरून.)

'प्रेमगीत' मात्र मला पटत नाही. बाराव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितान भाषेतला हा गीतप्रकार. साचा ठरलेला: 'परवा' असं म्हणून सुरुवात, घोड्यावरचा सरदार, मेंढ्या राखणारी पोरगी, मग सवाल-जवाब. मार्काब्रू या कवीची पोरगी कुंपणापाशी भेटते, पायांत लोकरीचे मोजे, जीभ तिखट. तू कुणा सरदाराचीच लेक असणार, असं घोडेस्वार लाडीगोडीनं म्हणतो. तिचं उत्तर: महाराज, माझं अख्खं कूळ कोयत्या-नांगराचं, आणि सरदार म्हणून मिरवणाऱ्या काहींनीही आठवड्याचे सहा दिवस तेच धरायला हवं! पुढच्या काही फ्रेंच गीतांत तर शेवट सरळ जबरदस्तीचा असतो. त्याला प्रेम कसं म्हणायचं?

नाटकाचं घराणं निराळं. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना ख्रिस्तजन्माची वार्ता देतो. त्यावरून मध्ययुगात चर्चमध्ये 'मेंढपाळांनो, गोठ्यात कुणाला शोधताय?' असा लॅटिन संवाद गात. पुढे स्पेनच्या रंगभूमीवर गावंढळ बोलीतला वेंधळा मेंढपाळ हुकमी हशा पिकवू लागला. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री मेक्सिकोत धर्मप्रसारासाठी नाटकं करवून घेत. तिथल्या पास्तोरेलाचं मूळ त्यात. मेंढपाळ बेथलेहेमला निघतात, सैतान वाटेत खोडे घालतो, देवदूत मिखाएल त्याला लोळवतो. भाव खाऊन जातो तो आळशी बार्तोलो. जगाचा तारणहार जन्मलाय आणि हा अंथरूण सोडायला तयार नाही.

'गौळण' नको. संतांच्या गौळणी आहेत, तमाशातही गौळण आहे, म्हणून मोह होतो खरा. पण शब्दाबरोबर कृष्ण, पेंद्या, मथुरेचा बाजार सगळंच येतं. 'पास्तोरेला' तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'मेंढपाळांचं नाताळनाट्य' जोडा.

उत्तर २: सहमत. पात्रांना 'धनगर' करू नका, ते समाजाचं नाव आहे. मराठी बायबलातही 'मेंढपाळ'च आहे.