मदत हवी आहे: एनआरएफ५२८४० डीके (ब्लूटूथ चिपचा डेव्हलपमेंट बोर्ड) मागावर बसवायचाय, यूएसबीवर मोजतो, बटन सेलवर नाही

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात. मजुरी कामाप्रमाणे मिळते आणि मागावरचं जुनं मीटर किती खरं यावरून दर आठवड्याला कुरबुर होते. मालकांनाही ती नको आहे. एका मागावर करून बघ म्हणालेत. कामगाराने आणि मालकाने आपापल्या मोबाईलवर एकच आकडा बघावा, एवढंच मला हवंय.

क्रँक शाफ्टचा (मागाचा फिरता मुख्य दांडा) एक फेरा म्हणजे एक पिक (आडव्या धाग्याची एक फेक). शाफ्टवर एक मॅग्नेट, समोर ३१४४ हॉल सेन्सर (मॅग्नेट जवळ आला की कळवणारा), आणि मोजलेला आकडा ब्लूटूथ बीकनमधून, म्हणजे ठरावीक वेळाने सगळ्यांसाठी सोडलेल्या छोट्या संदेशातून बाहेर. मागाजवळ वायर ओढायची नाही. तिथे धोटा, पट्टा, माणसांची ये-जा सगळंच चालू असतं. म्हणून बोर्डच्या मागच्या खोबणीतला सीआर२०३२ सेल वापरायचाय.

ब्लिंकी (एलईडी लुकलुकवणारा पहिला नमुना प्रोग्राम) चालतं, मोबाईलवरच्या एनआरएफ कनेक्ट ॲपमध्ये बीकन दिसतो. (माझ्यासारखे नवे कोणी असतील तर: जुन्या व्हिडिओंमध्ये बोर्डच्या नावात अंडरस्कोर असतो. एनआरएफ कनेक्ट एसडीके (चिप बनवणाऱ्या कंपनीचं प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर) २.७ पासून तिथे स्लॅश आलाय. बिल्डला बोर्डच सापडत नसेल तर आधी ते बघा. आणि बोर्डवर यूएसबीची दोन तोंडं आहेत, एक डीबगरचं (प्रोग्राम टाकणारी-तपासणारी बोर्डवरची वेगळी चिप) आणि एक मुख्य चिपचं स्वतःचं. प्रोग्राम टाकायला डीबगरचं.)

अडलंय ते इथे:

१. यूएसबीवर मोजणी बरोबर येते. सेन्सरला बोर्डच्या ५ व्होल्ट पिनवरून वीज दिलीय. सेलवर टाकलं की बीकन दिसतो, आकडा मात्र हलत नाही. सेन्सर ३ व्होल्टला जोडला तरी तेच.

२. सेन्सर काढून, एलईडी बंद ठेवून नुसता बीकन चालवला, तरी सेल पंधरवड्यात संपतो. बीकन सेकंदाला एकदाच जातो.

३. उन्हाळ्यात शेडचा पत्रा भयंकर तापतो. बोर्ड टिकेल का?

—

सेल_वाचवा:

पहिल्याचं उत्तर सेन्सरच्या डेटाशीटमध्ये आहे. ३१४४ ला कमीत कमी ४.५ व्होल्ट लागतात आणि तो सतत काही मिलिॲम्पियर खातो. ५ व्होल्टची पिन यूएसबीवर जगते, सेलवर ती मेलेलीच. हा सेन्सर बदलावाच लागेल.

दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण नवीन माणूस इथे हमखास अडकतो आणि चिपलाच दोष देतो. तुमच्या प्रोजेक्टमध्ये सिरियल लॉग चालू असणार. यूएआर्ट (चिपमधला सिरियल पोर्ट) ऐकत बसला की चिपचं वेगवान घड्याळ बंदच होत नाही, आणि अर्ध्या मिलिॲम्पियरच्या आसपास करंट अखंड जात राहतो. सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिॲम्पियर-तास. करंट ०.६ मिलिॲम्पियर धरून भागा: साडेतीनशे तासांच्या थोडं वर. हाच तुमचा पंधरवडा. पीआरजे डॉट कॉन्फमध्ये (प्रोजेक्टच्या सेटिंगची फाइल) लॉग, कन्सोल आणि सिरियल तिन्ही बंद करा. मग चिप झोपेत काही मायक्रोॲम्पियरवर येते, आणि सेकंदाला एक बीकन धरून सरासरी दहा-वीसच्या घरात राहते. कागदावर तरी वर्ष निघतं.

अंदाजावर राहू नका, मोजा. बोर्डवरच्या पी२२ पिनांवर करंट मोजायला मीटर लागतो, पण आधी तिथली सोल्डरची पट्टी कापावी लागते. बोर्डवरचा स्विच 'एनआरएफ ओन्ली'वर ठेवा, म्हणजे डीबगरचा करंट त्यात मिसळणार नाही. साधा मीटर मायक्रो रेंजवर ठेवला तर रेडिओ सुरू होताना व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होऊ शकतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पॉवर प्रोफायलर किट (बारीक करंट मोजणारं उपकरण) असेल तर तेच मागा.

आणि बीकनमध्ये 'एक पिक झाला' असं पाठवू नका, सुरुवातीपासूनची एकूण बेरीज पाठवा. लोखंडाच्या गर्दीत पॅकेट हरवणारच. बेरीज असेल तर पुढचं पॅकेट आलं की आकडा पुन्हा बरोबर. जिथे मजुरीचा प्रश्न आहे तिथे यात तडजोड नको. सेल बदलताना ती शून्य होऊ नये म्हणून अधूनमधून फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणारी चिपची मेमरी) लिहून ठेवा.

तिसरं: चिप ८५ अंशांपर्यंत चालते, सेलचं सुख मात्र साधारण ६० च्या आतच. पत्र्याला लागून लावू नका.

—

जुना_जॉबर:

रीड स्विच (मॅग्नेट जवळ आला की मिटणारा काचेच्या नळीतला स्विच) लाव असं कोणीतरी सांगेल, म्हणून आधीच सांगतो. मागाच्या हादऱ्यात काचेची नळी मला भरवशाची वाटत नाही. शिवाय माग नेमका मॅग्नेट समोर येऊन थांबला की स्विच मिटलेला राहतो आणि चिपच्या आतल्या १३ किलोओहम पुल-अपमधून (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) जवळजवळ पाव मिलिॲम्पियर वाहत राहतो. रात्रभर.

डीआरव्ही५०३२ सारखा कमी करंटचा हॉल सेन्सर घे. पण तो सतत बघत नाही. २० हर्ट्झवाला प्रकार दर ५० मिलिसेकंदांनी एकदा डोळा उघडतो. माग मिनिटाला १२० फेऱ्यांच्या गतीने धरला तर फेरा ५०० मिलिसेकंदांचा. म्हणजे मॅग्नेट फेऱ्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वेळ समोर राहिला पाहिजे, नाहीतर पिक सुटणार. एक छोटा मॅग्नेट पुरणार नाही. एकाच ध्रुवाचे तीन-चार शेजारी शेजारी, फट न ठेवता लाव, शाफ्टचा चौथा हिस्सा तरी व्यापू दे. ते एकमेकांना ढकलतील, गोंद वाळेपर्यंत पट्टीने आवळून ठेव.

एक आठवडा जुनं मीटर आणि तुझा आकडा शेजारी शेजारी फळ्यावर लिहा. लिहिणारा कामगारांपैकीच असू दे.

—

धागाकर्ता:

दादा, सर, दोघांचे मनापासून आभार. सिरियल बंद केलं, लॅबमधल्या किटवर सरासरी आता मायक्रोॲम्पियरमध्ये दिसतेय. नवा सेन्सर पुण्याहून मागवलाय. फळ्याचं बाबांना फार पटलं, शिफ्टमधले दोघं लिहायला तयार आहेत.

एकच राहिलं: शाफ्टवर तेल आणि सुताचा भुगा कायम असतो. रॉकेलने पुसून इपॉक्सी लावलं तर मॅग्नेट धरतील, की वरून क्लॅम्पच लावावा? कोणी मागावर असं काही चिकटवलं असेल तर सांगा.