सल्ला हवा: पॅनेल जोडणीसाठी कुठलं एअर टूल घ्यावं?

कुंडईकर
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे, इलेक्ट्रिक पॅनेल जोडतो. बसबारला (पॅनेलमधली वीज वाहून नेणारी धातूची पट्टी) एम ८ चे म्हणजे ८ मिमीचे बोल्ट, दरवाजाच्या रबर गॅस्केटवर एम ६. आजवर सगळं हवेवर चालणाऱ्या अर्धा इंची इम्पॅक्ट रेंचवर चाललं. गेल्या महिन्यात ग्राहकाच्या तपासणीत बसबारचे काही बोल्ट ढिले निघाले, काहींचे आटे गेलेले. ढिला सांधा तापतो, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. कॉम्प्रेसर ५ एचपी, तिघे फिटर. चांगल्या कंपनीचा इम्पॅक्ट घेऊ का? पावसाळ्यात नळीतून पाणीही येतं.

वेर्णा_मेंटेनन्स
दादा, इम्पॅक्ट कितीही भारी घेतलात तरी तेच होणार. तो ठोके मारत जातो. ट्रिगर किती वेळ दाबला, हवा किती, सॉकेट किती झिजलाय, यावर टॉर्क (बोल्टला बसणारा पिळाचा जोर) बदलतो. गंजलेला नट सोडवायला उत्तम, बसबारला नको. तुम्हाला शट-ऑफ क्लचचं टूल हवं. ठरवलेला टॉर्क आला की क्लच सुटतो आणि हवा आपोआप बंद होते.

८.८ ग्रेडच्या (बोल्टच्या मजबुतीचा आकडा) एम ८ ला ढोबळ २५ न्यूटन मीटर, एम ६ ला १०. बसबारसाठी मात्र ड्रॉइंगमधलाच आकडा धरा. १० पर्यंत पिस्तुलासारख्या मुठीचं टूल चालेल. २५ ला पिस्तुलाचा झटका मनगटावर येतो, तिथे अँगल हेड (काटकोनात डोकं असलेलं लांब टूल) घ्या. पल्स टूलला (तेलाच्या दाबाच्या ठोक्यांनी आवळणारं) झटका जवळजवळ नसतो, पण किंमत जास्त आणि आतलं तेल वेळोवेळी बदलावं लागतं.

एकच टूल दोन्हीकडे फिरवू नका. बोल्ट टेकल्यावर ३० अंशांत टॉर्क भरला तर हार्ड जॉइंट, ७२० अंश म्हणजे दोन फेरे लागले तर सॉफ्ट. आयएसओ ५३९३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या दोन टोकांवर टूल तपासतात. तुमचं गॅस्केट सॉफ्टकडे झुकणारं. विक्रेत्याकडे दोन्ही आकडे मागा.

फोंड्याचा_फिटर
टूलच्या आधी हवा बघा, भाऊ. कॅटलॉगमधला टॉर्क साधारण ६.३ बारवरचा असतो. टाकीवरचा काटा सोडा. टूलच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दाबाचा गेज बसवा आणि टूल फिरत असताना वाचा. दाब पडला तर क्लच सुटायच्या आधीच टूल अडतं, आणि फिटरला वाटतं बोल्ट बसला. ५ एचपीतून मिनिटाला १८ ते २० घनफूट हवा मिळते, तिन्ही टूलच्या गरजेची बेरीज त्यात बसायला हवी. नळी आतून १० मिमी ठेवा, तोकडी ठेवा.

पाण्याचं दुखणं आपल्याकडे मोठं. जून ते सप्टेंबर टाकीचा ड्रेन सकाळ-संध्याकाळ उघडा. मुख्य लाईनला उतार द्या आणि प्रत्येक फाटा पाइपच्या वरच्या अंगाने काढा, खालून काढलात तर पाणी थेट टूलमध्ये. गंजलं की मोटरच्या व्हेन्स (हवेने फिरणारी पाती) खाचेत अडकतात. जमलं तर रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा गार करून पाणी काढणारं यंत्र) बसवाच.

कुंडईकर
आज मोजलं. टाकीवर ७ बार, तिघे एकदम काम करताना टूलपाशी ४.४! नळ्या आणि कपलर बदलल्यावर ५.९. इतकी वर्षं हे कुणी पाहिलंच नव्हतं. आता कंपनी कुठली?

वेर्णा_मेंटेनन्स
ॲटलास कॉप्को, शिकागो न्यूमॅटिक, देसूतर (तिन्ही एकाच समूहाचे), इंगरसोल रँड. पण आधी सुटे भाग गोव्यात किती दिवसांत पोचतील ते लेखी घ्या. एका पुरवठादाराने मला व्हेन्सच्या संचासाठी सात आठवडे थांबवलं होतं. डेमो तुमच्याच पॅनेलवर मागा, २५ बोल्ट आवळून प्रत्येकाचा टॉर्क ट्रान्सड्यूसरवर (टॉर्क मोजणारं उपकरण) मोजून लिहून घ्या. तपासणीचा टॉर्क रेंच (ठरावीक टॉर्क दाखवणारा हाताचा पाना) वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा वापरल्यावर कॅलिब्रेट करा.

म्हापशेकर
इम्पॅक्टवर आवळून आधीच पाठवलेल्या पॅनेलचं काय?

कुंडईकर
तेच डोक्यात होतं. ग्राहकांना फोन केलेत. सप्लाय बंद ठेवून टॉर्क रेंचने बसबारचा प्रत्येक बोल्ट आम्हीच तपासणार, आटे गेलेले बदलणार, आवळलेल्यावर मार्करने रेघ मारणार. पहिली भेट सोमवारी मडकईला, डेमो बुधवारी. गॅस्केटवरचे आकडे इथे टाकतो. देव बरें करूं सगळ्यांचं.